शकुचं खातं

६ जानेवारी २०२५, सोमवार

सोसायटीतला विमा एजंट दरवर्षी एक डायरी देतो आणि ती दरवर्षी कोरीच रद्दीत जाते. या वर्षी लिहायला घेतली त्याला कारण मेल. विजेच्या बिलाचा मेल माणसाला एकदा यावा की नाही? मला तीनदा येतो. बँकेचा तीनदा. सोसायटीच्या पाण्याची टाकी धुणार, तेही तीनदा. टाकी मात्र एकदाच धुतात, आणि तीही धड नाही.

सर्वेश, माझा मुलगा, अंधेरीला ऑफिसात बसून दुनियेचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो, पण आईचा फोन हातात घेतला की दोन मिनिटांत त्याला जांभया येतात. म्हणाला, "आई, तू काय काय दाबतेस ते तारीखवार लिहून ठेव. म्हणजे कुठे वाट लागली ते कळेल." मी जन्मभर सरकारी ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर बसले. मला हा तारीखवार नोंद शिकवतोय! पण म्हटलं, ठीक आहे, करू नोंद.

तर नोंद अशी. माझी मेलची खाती तीन. पहिलं शकु नावाचं. ते माझ्या दादाने, म्हणजे मोठ्या भावाने, बोरिवलीच्या घरी कॉम्प्युटर घेतला तेव्हा हौसेने उघडून दिलं. दुसरं जानकी नावाचं, ते सर्वेशने बँकेसाठी काढलं. तिसरंही जानकीच, पुढे १९५७. ते फोनच्या दुकानातल्या माणसाने मला न विचारता काढलं, त्यामुळे माझं जन्मसाल आता सगळ्या घाटकोपरला माहीत आहे.

दोन नावं कशी, हेही लिहिते, कारण पुढेमागे सर्वेशची बायको येईल आणि हे वाचील, तिला कळायला हवं. मी माहेरची शकु परब. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरले, यांनी अंगठीने त्यात 'जानकी' लिहिलं, आणि झाले मी जानकी तावडे. दादा माझ्याबरोबर पाठराखणीला आला होता. तो ताटाशी वाकला, तांदूळ तळहाताने सारखे केले आणि बोटाने 'शकु' लिहिलं. म्हणाला, "तुमी काय हवा ता म्हणा. मी शकुच म्हणतलंय." सासूबाई असल्या भडकल्या! हे मात्र तोंडावर रुमाल धरून हसत होते. हे जाऊन आता पाच वर्षं झाली, सासूबाई तर कधीच्या गेल्या, पण ते तांदूळ अजून डोळ्यांसमोर आहेत.

८ जानेवारी, बुधवार

सापडलं! शकुच्या खात्यात आलेलं सगळं जानकीकडे आणि जानकीचं शकुकडे पाठवायचं, असं सर्वेशनेच कधीतरी लावून ठेवलं होतं. आणि दुकानवाल्याचं १९५७ जे आहे, ते जानकीच्या खात्यातून सगळं ओढून घेतं. म्हणजे मेल एक, फिरतो तीन टेबलांवर. आमच्या ऑफिसात एक फाइल अशीच तीन टेबलांवर फिरायची, आणि प्रत्येक टेबलाला वाटायचं की ही नवीन आली.

सर्वेशला फोनवर विचारत विचारत दोन्ही बंद केलं. तो म्हणाला, "आई, सीसीमध्ये कोण आहे ते बघ." मी विचारलं, सीसी म्हणजे काय ते तुला माहीत आहे का रे? नव्हतं माहीत! कार्बन कॉपी. निळी बोटं, तो कागदाचा मेणचट वास, आणि कार्बन उलटा लावला की आपल्याच पत्राच्या पाठीवर उलटी अक्षरं. शेजारच्या टेबलावरची दर्शना पहिल्या आठवड्यात सगळे कार्बन उलटे लावायची आणि साहेब येईपर्यंत आम्ही दोघी हसत बसायचो. आता ती मुलुंडला असते. तिला फोन करायला हवा.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. विजेचं बिल एकदाच आलं. झकास.

दादाला तिळगुळाचा फोन केला. दादाचं नाव धाकू. घरात सगळ्यांत थोरला, आणि नाव धाकू, कारण आजोबांचं ठेवलं. सांताक्रूझला विमानतळावर कार्गोत होता. आता बोरिवलीला मुलगा हर्षद आणि सून श्रुतिका यांच्याजवळ असतो. वहिनी गेल्यापासून जरा एकटा पडलाय. माझ्याशी तो मालवणीतच बोलतो. "जेवलंस काय गो शकु?" म्हणाला. मी म्हटलं, जेवले. मग कुर्ल्याच्या चाळीच्या गप्पा झाल्या, मिलचा भोंगा, बाबांचा डबा, सगळं. मध्येच पुन्हा, "जेवलंस काय गो?" आणि फोन ठेवताना परत तेच. दादाची माया अशीच आहे पहिल्यापासून. वहिनीसुद्धा चिडवायच्या, की हे बहिणीला जेवल्याशिवाय श्वास घेऊ देणार नाहीत.

घाटकोपर ते बोरिवली. आता मेट्रोसुद्धा आहे, तरी वर्ष होत आलं भेटून. लग्न नाहीतर दहावा असला की भेट. मुंबईत हे असंच असतं.

२१ जानेवारी, मंगळवार

नवीन घोळ. बाकी सगळे मेल एकेकटे येऊ लागले, पण दादाचे मात्र अजून दोन दोन, तीन तीन. तेही शकुच्या खात्यावर. सकाळी एक, जेवणानंतर एक, संध्याकाळी एक.

सर्वेश म्हणाला, मामाच्या मशीनमध्ये मेल अडकत असेल आणि पुन्हा पुन्हा सुटत असेल. मला आधी पटलं. मग म्हटलं, ताडून बघू. तिन्ही मेल एकाखाली एक धरून बघितले. पहिल्यात "झाकणांचो हार", दुसऱ्यात "झाकनांचो हार", तिसऱ्यात "झाकणाचो". पहिल्यात सुई, तिसऱ्यात दाभण. आता कार्बनचं असं असतं, की वरच्या कागदावर चूक झाली तर खालच्या पाचही कागदांवर तीच चूक उतरते. इथे चूक दर वेळी वेगळी. म्हणजे ही कॉपी नव्हे. माणसाने तिन्ही वेळा बसून नव्याने टाइप केलंय.

सर्वेशला सांगितलं तर म्हणाला, "आई, तू पोलिसात जायला हवी होतीस." मी खूश. दादाला टायपिंगचा सराव करायचा असेल. रिकामा माणूस, करणार काय.

मजकूर काय तर हाराचं काहीतरी विचारलंय. भेटलो की सांगीन. आवक-जावकवाल्याने मजकूर वाचत बसायचं नसतं, शिक्का मारायचा आणि पुढे ढकलायचं. तेव्हा कुठे टेबल रिकामं होतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

दादाचे आज चार. तेच ते. वैताग आलाय.

१० फेब्रुवारी, सोमवार

शेवटी सर्वेशने निकाल लावला. "शकुच्या नावाचं खातं लागतं कोणाला? बँक जानकीवर, पेन्शन जानकीवर, आधार जानकीवर. ते बंद करून टाक. मामा काय, जानकीवर पाठवेल." बरोबरच आहे त्याचं. शकुच्या नावाने मला दादाशिवाय कोणाचं काही येत नाही. आई-बाबा गेले, गावाकडच्या मावश्या गेल्या, शकु म्हणणारं आता आहे कोण?

पण बंद करायला पासवर्ड मागितला. तो दादाने ठेवलेला, मला कुठला आठवायला. त्याला फोन केला. आधी म्हणाला, "कोण बोलता?" मी म्हटलं, अरे मी, शकु. मग आवाज एकदम फुलला. "शकु! खंय आसस गो? माझ्या मेलाक जबाब कित्याक देणस नाय?" मी म्हटलं, देते रे बाबा, आधी त्या खात्याचा पासवर्ड सांग. आणि खरं सांगते, त्याने एका दमात सांगितला! सोळा वर्षांपूर्वी ठेवलेला, इंग्रजी स्पेलिंग, पुढचा आकडा, सगळं घडाघडा. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा माणूस. मी काल चष्मा फ्रिजमध्ये ठेवला होता.

पासवर्ड इथे लिहायचा नाही असं सर्वेशने बजावलंय. एवढंच लिहिते, की त्यात दूध आहे. आणि लिहून ठेवायची गरजही काय, खातं तर बंदच केलं. बंद करताना तीनदा विचारलं, नक्की ना, नक्की ना. म्हटलं, हो, नक्की. पुढचे काही आठवडे हवं तर परत मिळेल, त्यानंतर कायमचं गेलं, असं काहीतरी लिहिलं होतं.

दादाला आता जानकीवर पाठव म्हणून सांगायचं मात्र राहून गेलं. उद्या सांगीन.

११ फेब्रुवारी, मंगळवार

एकही जादा मेल नाही. टेबल रिकामं. आवक-जावक झिंदाबाद!

१९ फेब्रुवारी, बुधवार

दादाला फोन लागत नाही. हर्षदला केला. तो म्हणाला, "आत्या, बाबांचा फोन मी काढून घेतलाय. दिवसभर कोणालाही लावत बसतात. ऑफिसात माझ्या साहेबांनासुद्धा लावला." मी चांगलंच फैलावर घेतलं त्याला. बापाचा फोन काढून घेतोस? लहान मूल आहे का तो? तो म्हणाला, "आत्या, बाबा हल्ली जरा विसरतात. तुम्ही एकदा येऊन जा ना." मी म्हटलं, विसरतो तर काय झालं, मीही विसरते. मला तर त्याने सोळा वर्षांचा पासवर्ड तोंडपाठ म्हणून दाखवला. हल्लीच्या पोरांना म्हातारं माणूस दिसलं की आजारीच वाटतं.

कॉम्प्युटर आहे म्हणे अजून त्याच्याजवळ. तेवढा तरी ठेवलाय.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज जानकीच्या खात्यावर दादाचा मेल आला. उतरवून ठेवते, कारण वाचून मला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला.

"सौ. जानकीबाई यांस, स. न. वि. वि. आपली माझी फारशी ओळख नाही. माझ्याकडच्या यादीत आपलं नाव आणि पुढे घाटकोपर असं लिहिलेलं आहे, म्हणून लिहितो. माझी बहीण शकु घाटकोपरलाच राहते. बरेच दिवस तिला पाठवलेले मेल परत येत आहेत. असं खातं नाही म्हणतात. तिचं काही बरंवाईट तर नाही ना? आपल्याला काही खबर असल्यास कृपया कळवावी. तिला एक गोष्ट विचारायची राहिली आहे. आपला, धाकू परब."

काय पण सोंग! स. न. वि. वि. म्हणे! तांदळाच्या ताटाचा राग अजून काढतोय हा माणूस. खातं बंद केलं म्हणून असा चिमटा काढला. संध्याकाळी आणखी एक आला. त्यातही जानकीबाई, त्यातही बरंवाईट. हे मात्र नाही आवडलं. चेष्टा एकदा करावी.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दर्शनाला फोन लावला आणि तो मेल वाचून दाखवला, म्हटलं तीही हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचला.

"जानकी, तुझे दादा तुझ्याशी कुठल्या भाषेत बोलतात गं?"

"मालवणीत. का?"

"आणि हा मेल?"

या माणसाने मला आयुष्यात कधी अहो-जाहो केलेलं नाही. चेष्टेतसुद्धा नाही. चेष्टा तर तो मालवणीतच करतो.

"आधीचे सगळे मेल वाचलेस का नीट? का नुसतेच मोजलेस?" दर्शना म्हणाली. "येडे, आवक-जावक केव्हाच संपलं आपलं. आता तरी पत्र उघडून वाच."

वाचले. शकुच्या खात्यावरचे गेले, पण जानेवारीत वळवणं बंद केलं त्याच्या आधीचे काही फोनमध्ये जानकीकडे उतरलेले होते. डिसेंबरातले. सगळ्यांत एकच. "शकु, आपण गणपतीक दुधाच्या झाकणांचो हार केल्लो, तेची सुई कोणाची होती? हर्षद म्हणता असो हार नसताच. तू सांग तेका." आणि पुढच्या मेलात तेच. आणि त्याच्या पुढच्यात तेच. दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं.

तो सराव करत नव्हता. आधी विचारल्याचं त्याला आठवतच नव्हतं. आणि मी शिक्के मारत बसले होते.

रविवारी बोरिवलीला जाणार. सर्वेश बरोबर येतो म्हणाला, मी नको म्हटलं.

२ मार्च, रविवार

आत्ताच परत आले. सगळं लिहायचंय, नाहीतर मीच विसरेन.

गुंदवलीला मेट्रो बदलून मागाठाण्याला उतरले. रस्ताभर स्वतःला बजावत होते, मला बघितलं की ओळखेल, मेलावर काय, माणूस गोंधळतो. श्रुतिकाने दार उघडलं. दादा आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसला होता, अंगात इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. मला म्हणाला, "या, बसा." आणि श्रुतिकाला, "पाणी आण त्यांना."

मी म्हटलं, "दादा, मी शकु."

त्याने नीट बघितलं माझ्याकडे. अगदी सभ्य माणसासारखं हसला. "नाही हो. शकु बारीक आहे. दोन वेण्या घालते." मग हळूच म्हणाला, "आपण घाटकोपरच्या जानकीबाई ना? फोटो आहे इथे तुमचा." यादीतल्या जानकीच्या नावापुढे सर्वेशने माझा पांढऱ्या केसांचा फोटो लावलाय. शकुच्या नावापुढे काय आहे ते त्यानेच मला दाखवलं. कुर्ल्याच्या चाळीच्या कठड्याला टेकून उभी असलेली मी, दोन वेण्यांची. तो फोटो त्याने स्वतः लावला होता.

मला रडू आलं आणि रागही आला. कोणाचा राग, ते नाही कळलं. श्रुतिकाने माझा हात धरला. म्हणाली, "आत्या, रोज सकाळी कॉम्प्युटर लावतात आणि पहिलं विचारतात, शकुचा मेल आला का. आधी निदान पाठवायचे आणि वाट बघायचे. आता पाठवलेला लगेच परत येतो, आणि मग जेवत नाहीत."

मी तिथल्या तिथे ठरवलं. खातं परत उघडायचं. फोन काढला, शकुचं नाव घातलं. मुदत संपायला थोडेच दिवस राहिले होते, पण खातं अजून होतं. पासवर्ड मागितला. दूध आहे एवढंच आठवत होतं. दुधाचं स्पेलिंग त्याने कसं केलंय, पुढे आकडा कुठला, काही नाही. दोनदा चुकलं. सर्वेशला फोन केला, तो म्हणाला, "आणखी चुकू नकोस, बंदच पडेल ते."

मग दादालाच विचारलं. "शकुच्या खात्याचा पासवर्ड सांगतोस का रे?"

तर हा माणूस खुर्चीत ताठ बसला. "हे बघा जानकीबाई, राग मानू नका. पण माझ्या बहिणीचा पासवर्ड मी परक्या बाईला कसा सांगू?"

आयुष्यभर कार्गोत नोकरी, कागद बघितल्याशिवाय पेटी सोडली नाही कधी. मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. तुमचं. मग त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि त्याच्या मेलाचं उत्तर दिलं. तोंडी.

म्हटलं, "झाकणं दुधाच्या बाटल्यांची होती. पातळ पत्र्याची, निळ्या पट्ट्यांची. सकाळी दूध केंद्राच्या रांगेत धाकू उभा राहायचा आणि लोकांची झाकणं मागून आणायचा. शकु ती चमच्याने घासून गुळगुळीत करायची. पावसाळाभर जमवली. सुई पाटणकर काकूंची, गोधडीची मोठी. ओवताना ती धाकूच्या अंगठ्यात घुसली. आईने मारू नये म्हणून तो अंगठा तोंडात धरून आरतीला उभा राहिला, आणि सगळ्यांना वाटलं, एवढा घोडा झाला तरी अंगठा चोखतो."

दादा किती तरी वेळ आपल्या उजव्या अंगठ्याकडे बघत बसला. मग वर बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल. आता म्हणेल शकु.

तो म्हणाला, "हे तुम्हाला शकुने सांगितलेलं दिसतं. आणखी कोणाला ठाऊक नाही हे. म्हणजे तुम्ही तिच्या अगदी घरच्याच दिसता." आणि दाराकडे एकदा बघून, माझ्या कानाशी येऊन, हलक्या आवाजात त्याने पासवर्ड सांगितला. एका दमात.

मी स्वयंपाकघरात गेले. मी सांगत गेले, श्रुतिकाने टाइप केलं. खातं उघडलं. दादाचे जे परत गेले ते गेलेच, पण खातं जिवंत होतं. त्यातून त्याला लिहिलं, मालवणीत, जसं जमेल तसं: "दादा, मी बरी आसंय. हार आपण दोघांनी केलो. सुई पाटणकर काकूंची. हर्षदाक सांग, शकु म्हणता हार होतो. जेवलंस काय?"

पाठवलं आणि दाराआडून बघत राहिले. कॉम्प्युटरने टिंग केलं. दादा वाकला, चष्मा कपाळावर चढवला, परत डोळ्यांवर आणला. आणि ओरडला, "श्रुतिका! शकुचो मेल इलो गो! हर्षदाक बोलाव! हार होतो म्हणता!" मग मला हाका. "जानकीबाई, या हो, या, बघा, आली माझी बहीण!" मी गेले. त्याने मला तो मेल मोठ्याने वाचून दाखवला, बोट ठेवून, अक्षर अक्षर. मी ऐकला. हर्षद दारात उभा होता, तो भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता. मग दादा जेवला. दोनदा भात घेतला.

निघताना मी चपला घालत होते. तो दारापर्यंत आला. "उपकार झाले तुमचे. शकुक सांगा, मेल मेळलो म्हणून." मग जरासा थांबला आणि म्हणाला, "सावकाश जा गो."

गो म्हणाला. मी ऐकलं. वळून बघितलं तर तो श्रुतिकाला विचारत होता, या बाई कोण होत्या.

३ मार्च, सोमवार

सर्वेशला सांगितलं, शकुच्या खात्याला हात लावायचा नाही. जोडायचं नाही, वळवायचं नाही, एकत्र करायचं नाही. वीज, बँक, पाण्याची टाकी, सगळं जानकीकडे राहू दे. शकुकडे फक्त एकाच माणसाचं येतं. तो हो म्हणाला. मग कधी नव्हे ते माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "आई, कुर्ल्याच्या चाळीत अजून काय काय होतं?" जेवण गार झालं, इतकं होतं.

हर्षदलाही फोन केला. त्याला त्या दिवशी फोनवर झापलं होतं, त्याबद्दल काही बोलले नाही, पण या महिन्याच्या तिसऱ्या रविवारी घरी जेवायला या म्हटलं, दादाला घेऊन. जानकीबाईंकडे यायला तो तयार आहे म्हणे.

९ मार्च, रविवार

सकाळी एक मेल. हार कोणी केला, सुई कोणाची, हर्षद म्हणता असो हार नसताच. दुपारी तोच. चहाच्या वेळी तोच, या वेळी सुईचं दाभण झालंय.

सर्वेश माझ्या खांद्यावरून बघत होता. म्हणाला, "आई, उत्तर एकदाच लिही ना. मग कॉपी करून तिन्हीकडे टाकता येतं. दाखवू?"

नको म्हटलं. पहिल्यात पाटणकर काकूंची सुई लिहिली. दुसऱ्यात निळ्या पट्ट्या आणि दुधाची रांग. तिसऱ्यात अंगठा. तिन्हींच्या शेवटी जेवलंस काय, आणि खाली शकु.

तो तिन्ही वेळा नव्याने विचारतो, म्हणून मीही तिन्ही उत्तरं नव्याने टाइप केली. कार्बन लावला नाही.